क्लोन गाडीला ‘ओरिजिनल’ म्हटलं की लोक का भडकतात?

प्रश्न: मी डेट्रॉइटजवळ राहतो, उन्हाळ्यात वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या मसल कार, म्हणजे दमदार इंजिनच्या अमेरिकन गाड्या, बघायला जातो. तिथली गाडीशौकीन मंडळी क्लोन गाड्यांवर एवढी का चिडतात? दिसायला तर सेमच असतात ना!

उत्तर: अहो, क्लोन म्हणजे साध्या गाडीला महागड्या मॉडेलचं रूप दिलेलं, तसा क्लोन बनवण्यावर राग नाहीये, क्लोन ओरिजिनल म्हणून खपवण्यावर आहे, आणि तो राग शंभर टक्के बरोबर आहे. शेव्हरोलेच्या साध्या शेव्हेल मॉडेलवर एसएसचे (सुपर स्पोर्ट, म्हणजे तिच्या दमदार आवृत्तीचे) बॅज आणि पट्टे मारले की किंमत लगेच चढते! 1966 ते 1968 च्या एसएस 396 चा (396 म्हणजे इंजिनाचा आकार, घन इंचात) व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, 138 ने सुरू होतो, तिथे लबाडी पटकन पकडता येते, पण 1969 पासून एसएस नुसतं ऑप्शन पॅकेज झालं, मग नंबरवरून सहसा काही कळत नाही, फॅक्टरीची बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवलं त्याची यादी, बघायची आणि ती नसेल तर एसएसचा भाव द्यायचाच नाही.

दुसरा राग हॉर्सपॉवरच्या तुलनेचा. 1971 पर्यंत जाहिरातीत ग्रॉस आकडे असायचे, इंजिन गाडीबाहेर, एअर क्लीनर नि नेहमीचा एक्झॉस्ट न लावता मोजलेले, ते आजच्या नेट, म्हणजे हे सगळं लावून मोजलेल्या, आकड्यांशेजारी ठेवून काय उपयोग?

आणि प्लीज, न विचारता गाडीला टेकू नका, जीन्सच्या रिव्हेटने पेंटवर ओरखडे पडतात.