शत्रूने रुग्णालयात तोफ ठेवली तर नागरिकांचे संरक्षण संपते का?

आपण विचारले आहे की, शत्रूने रुग्णालयाच्या आवारात तोफ आणून ठेवली तर नियम त्यानेच आधी मोडला असल्यामुळे दुसऱ्या पक्षावर काही बंधन उरते का. मी ग्वाल्हेरला वकिली करतो आणि काही वर्षे विद्यार्थ्यांना हा विषय शिकवत होतो. हा प्रश्न वर्गात दरवर्षी येत असे आणि बहुतेकांचे मत 'उरत नाही' असेच असे. कायद्याचे उत्तर मात्र उलट आहे.

युद्धातील जखमी, कैदी व नागरिक यांच्या संरक्षणासाठीच्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारातील कलम ५१ स्पष्टच सांगते की, एका पक्षाने नागरिकांची ढाल केली म्हणून दुसऱ्याची त्या नागरिकांप्रति असलेली जबाबदारी संपत नाही. तोफ हे लष्करी लक्ष्य ठरेल, खाटेवरचा रुग्ण ठरणार नाही. म्हणून सेनापतीला तोफेपासून मिळणारा ठोस व थेट लष्करी लाभ आणि नागरिकांची संभाव्य हानी यांची तुलना हल्ल्याआधीच करावी लागते. हानी त्या लाभाच्या मानाने अवाजवी होईल असे दिसत असेल, तर हल्ला रद्द करावा लागतो.

रुग्णालयाला याहून अधिक संरक्षण आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम १९ नुसार, तेथून शत्रूला अपायकारक कृत्ये होत असली तरी आधी इशारा द्यावा लागतो, शक्य तेथे वाजवी मुदत द्यावी लागते, आणि इशारा धुडकावला गेला तरच संरक्षण संपते. जखमी सैनिकांवर उपचार चालू आहेत किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेल्या बंदुका अजून तेथेच पडून आहेत, एवढ्याने ते अपायकारक कृत्य होत नाही. वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांत हा तपशील सहसा हरवतो.

आमच्या शहराचा लष्कर हा भाग मुळात दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढला आणि मुरारला आजही छावणी आहे. सुट्टीवरचे दोन जवान सराफ्यात खरेदीला आले म्हणून सराफा लक्ष्य होत नाही, असे मी वर्गात सांगत असे. नागरिकांत काही सैनिक मिसळले तरी लोकसमूहाचे नागरी स्वरूप टिकते, हेच पहिल्या पूरक कराराच्या कलम ५० मध्ये आहे. एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याविषयी शंका असेल, तर तिला नागरिकच मानायचे असते.

भारत जिनिव्हा करारांचा सदस्य असून त्यासाठी १९६० चा स्वतंत्र अधिनियमही आहे. १९७७ चे पूरक करार भारताने स्वीकारलेले नाहीत. तरीही सैनिक व नागरिक यांत भेद करण्याचे तत्त्व प्रथागत कायद्याचा, म्हणजे देशांच्या सततच्या आचरणातून रूढ झालेल्या कायद्याचा, भाग असल्याने सर्व देशांवर बंधनकारक आहे.

आपल्या प्रश्नासारखाच प्रसंग १९९० च्या दशकात बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या वेढ्यात घडला होता. तेथील कोशेव्हो रुग्णालयाच्या परिसरातून बोस्नियाच्या सैन्याने उखळी तोफा डागल्याचे माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने मान्य केले; पण रुग्णालयाच्या इमारतींवरच नेम धरून झालेला मारा त्यामुळे क्षम्य ठरला नाही. वेढा घालणाऱ्या बोस्नियन सर्ब सैन्याचा सेनापती स्तानिस्लाव गालिच याला २००३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली आणि २००६ मध्ये अपिलात ती वाढवून जन्मठेप करण्यात आली.