क्वेरी बदलायची, पण कोड हातात नाही

ॲप्लिकेशनची क्वेरी (डेटाबेसला विचारलेली मागणी) हळू चालते, पण कोड बदलता येत नाही? लगेच ती वाटेत अडवून बदलायला धावू नकोस. आधी स्लो क्वेरी लॉग (हळू चाललेल्या क्वेरींची नोंद) बघ. बरेचदा एका इंडेक्सवर (डेटा पटकन शोधायची सूची) काम भागतं.

नाहीच भागलं, तर मायएसक्यूएल डेटाबेससाठी दोन वाटा आहेत. 5.7 पासूनचा रीरायटर प्लगइन सर्व्हरच्या आतच क्वेरी बदलतो, पण 8.0.12 च्या आधी तो फक्त सिलेक्ट (डेटा वाचणाऱ्या क्वेरी) हाताळायचा. दुसरी वाट प्रॉक्सीएसक्यूएल, म्हणजे ॲप्लिकेशन आणि डेटाबेसच्या मध्ये बसणारा प्रोग्राम: ॲप्लिकेशनचं कनेक्शन मायएसक्यूएलच्या 3306 ऐवजी त्याच्या 6033 पोर्टकडे वळवायचं आणि रेजेक्सने (मजकूर ओळखायचा पॅटर्न) क्वेरी बदलायचे नियम लिहायचे. मला हीच आवडते.

नवखे फसतात ते इथे. नियम प्रॉक्सीएसक्यूएलच्या टेबलात टाकला म्हणजे लागू झाला असं नाही. तो रनटाइममध्ये (चालू असलेल्या सेटिंगमध्ये) लोड करावा लागतो, आणि डिस्कवर सेव्ह केला नाही तर रीस्टार्टनंतर गायब. (माझी अख्खी दुपार गेली होती यात.) पॅटर्न दोन्ही टोकांना ^ (सुरुवात) आणि $ (शेवट) ने बांध, नाहीतर भलत्याच क्वेरी गळाला लागतील. बदललेल्या क्वेरीत कॉलमांची नावं आणि क्रम मात्र जसेच्या तसे ठेव. ॲप्लिकेशन कॉलम क्रमांकाने वाचत असेल तर एरर येणार नाही, आकडे मात्र चुकतील.

नियमाचे हिट्स (तो किती वेळा लागला तो आकडा) शून्यच दिसले, तर आधीच्या एखाद्या नियमात अप्लाय 1 आहे का ते बघ. क्वेरी त्या नियमात बसली की पुढचे नियम तपासलेच जात नाहीत.