वाचकांचे प्रश्न: वाढ दिसतच नाही, मग होतेय का?

सगळ्यांना सप्रेम जय ख्रिस्त. या आठवड्याच्या पत्रांमधली पाच निवडलीत. कुणी कॉलेजात आहे, कुणी नोकरीला, कुणी मंडळीत वर्षानुवर्षं सेवा करतंय, पण सगळ्यांची तक्रार खालून एकच, की विश्वासात येऊन इतके दिवस झाले आणि मी आहे तिथेच आहे. म्हणून सगळी एकत्रच घेतेय.

ताई, एक जानेवारीला ठरवलं होतं की वर्षभरात पूर्ण बायबल वाचून काढायचं. उत्पत्ति आणि निर्गम मस्त झालं, लेवीयमध्ये अडकलो, मग एक दिवस चुकला, मग चार, आता अ‍ॅप दाखवतंय की मी 23 दिवस मागे आहे. अ‍ॅप उघडायचीच भीती वाटते. परत पहिल्यापासून सुरू करू का?

नको रे, पहिल्यापासून नको. उत्पत्ति दहा वेळा वाचलेले आणि यशया एकदाही न उघडलेले खूप जण मला माहितीयेत. हिशोब करून बघ, आपल्या 66 पुस्तकांच्या बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीन-सव्वातीन होतात, आणि उत्पत्ति-निर्गमचे मिळून 90, म्हणजे एक जानेवारीला सुरू करणारा माणूस जानेवारीच्या शेवटी बरोबर लेवीयाच्या दारात येऊन उभा राहतो. तिथे गोष्ट थांबते आणि अर्पणांचे नियम सुरू होतात. तू एकटा नाहीस अडकलेला.

वर्षात बायबल संपवा अशी आज्ञा बायबलमध्ये कुठेच नाही. अध्याय तर खूप नंतर पाडले, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि नव्या कराराला आपण आज वापरतो ते वचनांचे आकडे आले 1551 मध्ये. पौलाची पत्रं ज्या मंडळ्यांना गेली त्यातल्या बहुतेकांनी ती हातात धरलीसुद्धा नसतील, एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, आणि तेवढ्यावर ते जगले. त्यामुळे ते 23 दिवस सोडून दे, भरून काढूच नकोस. आजची तारीख उघड. आणि मन लागतच नसेल तर प्लॅन बाजूला ठेवून मार्कचं शुभवर्तमान घे, 16च अध्याय आहेत, रोज एकच परिच्छेद, पण तीनदा वाच, एकदा मनात, एकदा मोठ्याने, आणि मग डोळे मिटून आठवेल तेवढा.

लेवीयाकडे नंतर ये मात्र. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, जी आज्ञा प्रभू येशूने सगळ्यात मोठ्या दोन आज्ञांमधली एक म्हणून सांगितली, ती तिथलीच आहे, 19व्या अध्यायातली. तू थांबलास त्याच्या थोडीशीच पुढे होती बघ.

मी नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस नाईट असते, घरी लहान बाळ आहे. उपदेशात नेहमी ऐकते की पहाटे उठून प्रभूबरोबर वेळ घालवा. माझी पहाट म्हणजे ड्युटीचे शेवटचे दोन तास. मला खूप अपराधी वाटतं.

ताई, पहाटेचं ते वचन मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, येशू अजून अंधार असतानाच उठून एकांतात गेला. खरंय ते. पण त्याच येशूने लूक 6 मध्ये अख्खी रात्र डोंगरावर प्रार्थनेत काढली, आणि कधी दिवसभर गर्दीतच होता. वेळ ठरलेली नव्हती, पित्याकडे जाणं ठरलेलं होतं.

तुमच्यासाठी मला नहेम्या आठवतो. राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा, तोही ड्युटीवरच. राजाने विचारलं, तुला काय हवंय, आणि नहेम्या लिहितो की मी स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तराच्या मधे किती वेळ मिळाला असेल, एक श्वास फार तर. पण हेही बघा, त्याआधीच्या अध्यायात तो उपास करून रडून प्रार्थना करत होता, आणि दोन्हीच्या मधे जवळजवळ चार महिने गेले होते. छोटी प्रार्थना त्या मोठीच्या जोरावर उभी होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी बाळ झोपलं की अर्धा तास तुमचा ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा, आणि ड्युटीवर सलाईन बदलताना त्या पेशंटचं नाव मनात घेऊन एक वाक्य बोला, एवढं पुष्कळ आहे. आणि झोपा पण. 127वं स्तोत्र झोपेला देवाचं देणं म्हणतं.

मी बारा वर्षं मंडळीत गाणी घेतो. गेले आठ महिने प्रार्थनेत काहीच वाटत नाही. बोलतो आणि वाटतं की समोर कुणी नाहीच. रविवारी हात वर करून गातो, लोक नंतर येऊन सांगतात की आशीर्वाद मिळाला, आणि मला घरी येऊन रडू येतं की मी ढोंगी आहे. कुणाला सांगितलं तर म्हणतात काहीतरी पाप लपलं असेल, शोध.

दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आणि पहिल्यांदा हे सांगते, पाप शोध म्हणणाऱ्यांनी तुम्हाला ईयोबाच्या मित्रांसारखं केलंय. संकटात सापडलेल्या ईयोबाला तेही हेच म्हणत होते, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला, ईयोबावर नाही. तुमच्या मनात एखादी गोष्ट खरंच टोचत असेल तर कबूल करून मोकळे व्हा, पण नसेल तर उकरत बसू नका.

88वं स्तोत्र काढा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळतात, स्तुतीवर येतात, हे वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच काळोख आहे. आणि ते कुणाचं आहे बघा, वर लिहिलंय, कोरहाच्या वंशजांचं, म्हणजे मंदिरात गाणाऱ्यांचं. तुमच्यासारख्याच एका गाणाऱ्याने हे लिहिलं, दिवसरात्र ओरडतोय आणि तू तोंड लपवतोस म्हणाला, आणि देवाने ते आपल्या पुस्तकात ठेवून घेतलं, खोडलं नाही. 13वं स्तोत्र तर कुठवर, कुठवर असं चार वेळा विचारून सुरू होतं. हे विचारणारा माणूस देवाला सोडून गेलेला नाहीये, देवाकडेच तोंड करून विचारतोय. तुम्ही घरी येऊन रडता ते कुणासमोर रडता? मला तर तीच प्रार्थना वाटते.

एलीया संदेष्ट्याचं पण बघा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी पडला आणि पुढच्याच अध्यायात तो एका झुडपाखाली बसून म्हणतो की पुरे झालं, माझा प्राण घे. आता देवाने काय करावं? रागावला नाही, वचनं ऐकवली नाहीत. झोपू दिलं. देवदूताने हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं, परत झोपला, परत उठवलं, परत खायला दिलं, प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे म्हणून. बोलणं नंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर, आणि तिथेही वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही, तर शांत मंद वाणीत. मला यातलं सगळ्यात जास्त ते पाण्याचं भांडं आवडतं. देवाला माहीत होतं की माणूस थकलाय.

म्हणून तुम्हाला विचारते, बारा वर्षांत तुम्ही किती रविवार नुसते खाली बसून दुसऱ्याचं गाणं ऐकलंत? पाळकसाहेबांना जाऊन हे पत्रात लिहिलंत तसंच सांगा आणि दोन-तीन महिने मागच्या बाकावर बसा. ती सेवा सोडणं नाही. आणि झोप लागत नसेल, भूक मेलेली असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील तर डॉक्टरांकडे जा, आजच जा आणि घरात कुणालातरी सांगून जा. लूक स्वतः वैद्य होता, औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

आता वाढीचं. येशूने एक दाखला सांगितला जो फक्त मार्कमध्येच आहे, 4थ्या अध्यायात, चारच वचनं, त्यामुळे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. एक माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. म्हणजे बी पेरणाऱ्यालाच वाढ कळत नाही असं प्रभू स्वतः सांगतोय! रोज माती उकरून बघितलं तर उलट रोप मरेल. तुम्ही आठ महिने तेच करताय दादा, रोज उकरून बघताय की काही वाटतंय का. त्या माणसासारखं झोपा, उठा, आणि राहू द्या. गाणं नाही आलं तर 88वं स्तोत्र नुसतं वाचा, तेवढीच प्रार्थना त्या दिवसाची.

दर रविवारी ठरवतो की आता मुलांवर ओरडणार नाही आणि सोमवारी सकाळीच ओरडतो. माफी मागतो, परत तेच. देव मला किती वेळा क्षमा करणार? इतक्या वर्षांत आत्म्याचं फळ दिसायला नको का?

याचं उत्तर मी वरून खाली बघून देऊ शकत नाही, कारण माझ्याही घरी हे झालंय. एकदा सकाळी मी प्रार्थनेला बसले होते, समोर बायबल उघडं, आणि माझा मुलगा दारात येऊन म्हणाला आई, दुसरा मोजा सापडत नाहीये. मी म्हटलं थांब. दोन मिनिटांनी परत आला. आणि मी अशी ओरडले की तो तसाच उभा राहिला, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा आणि त्या उघड्या पायाची बोटं त्याने फरशीवर घट्ट दाबून धरली होती. ती बोटं मला अजून दिसतात. समोरचं पान मला पुढे वाचताच येईना. पर्वतावरच्या प्रवचनात येशूने सांगितलंय ना, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी उठले, त्याच्यासमोर खाली बसले, म्हटलं मी चुकले, तुझी काही चूक नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून मोजा शोधला.

तुम्ही देवाची माफी मागता असं लिहिलंय. मुलांची मागता का? नाव घेऊन, त्यांच्या उंचीला खाली बसून, आणि तुम्हीच त्रास दिलात म्हणून मी ओरडलो असं न जोडता? हे करून बघा. वडिलांनी मुलांना चिरडीस आणू नये हे इफिसकरांच्या पत्रात बापांनाच उद्देशून लिहिलंय. आणि ओरडण्याची वेळ बघा, सोमवार सकाळच का, बहुतेक उशीर झालेला असतो. दप्तर रविवारी रात्री भरून ठेवा, अर्धा तास आधी उठा. हेही आत्मिकच आहे माझ्या मते, याकोब म्हणतो रागाला मंद असा, मग मंद व्हायला वेळ तर हातात पाहिजे.

किती वेळा क्षमा, तर येशूच्या शिष्याने, पेत्राने, हेच विचारलं होतं, सात वेळा का, आणि येशूचं उत्तर तुम्हाला पाठ असेल, साताच्या सत्तर वेळा. जो आपल्याला एवढी क्षमा करायला सांगतो तो स्वतः कमी करेल का? गलतीकरांच्या पत्रात फळ शब्द मूळ भाषेत एकवचनी आहे, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी आणि फळ एकच, सगळं मिळून हळूहळू पिकतं. पूर्वी ओरडून झाल्यावर तुम्हाला किती दिवस काही वाटायचं नाही ते आठवा, आणि आता किती वेळात वाईट वाटतं. तो फरक आत्म्याने केलाय.

मी सतरा वर्षांची आहे. युथ ग्रुपमध्ये मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. बाकीचे किती छान शब्द वापरतात, माझं दोन वाक्यांत संपतं.

अगं, पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा त्याची प्रार्थना तीन शब्दांची होती, प्रभू, मला वाचव. येशूने लगेच हात पुढे केला. मंदिरातल्या जकातदाराचं पण एकच वाक्य होतं, आणि नीतिमान ठरून घरी तोच गेला, लांबलचक बोलणारा परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, नाही. पुढच्या मीटिंगला तुझी पाळी आली की आधी एक श्वास घे, ज्याच्यासाठी प्रार्थना करायचीय त्याचं नाव घे, एक वाक्य बोल आणि आमेन म्हण. बाकीचे पण आमेन म्हणतील. झालं की मला लिहून कळव, तुझं पत्र मी बायबलमध्ये ठेवलंय, मार्कच्या 4थ्या अध्यायात.