लसणाचा कांदा म्हटलं तर चुकतंय काय?

प्रश्न असा आहे, की अख्ख्या लसणाला मराठीत काय म्हणायचं, आणि आजी 'लसणाचा कांदा' म्हणते ते चूक का, कारण कांदा तर वेगळाच असतो.

चूक कशाला, आजीचं बरोबर आहे की! कांदा आला संस्कृत 'कंद'वरनं, म्हणजे जमिनीखाली धरणारा गड्डा, निशिगंधाचा पण कांदाच लावतो आपण. मग रोज चिरायच्या त्या एका कंदालाच हे नाव चिकटलं आणि मूळ अर्थ मागं पडला, एवढंच. आता गंमत बघा, आपल्या बेळगावात बाजारात कन्नडमधनं कांदा मागायचा तर 'उळ्ळागड्डी' म्हणतो, त्यात उळ्ळी हे नाव आणि गड्डी म्हणजे हाच आपला गड्डा. लसूण म्हणजे बेळ्ळुळ्ळी, पांढरी उळ्ळी. म्हणजे त्यांनी नाव ठेवून गड्डा वेगळा जोडला आणि आपण नाव सोडून नुसता गड्डाच ठेवला!

सुट्ट्या भागाला आमच्या घरात पाकळी, निपाणीच्या काकू कुडी म्हणतात. पाकळी फुलावरनं, कुडी मला वाटतं कानातल्या कुडीवरनं, आकार बघितला तर पटतं, पण हा आपला माझा अंदाज. कन्नडमध्ये पण 'एसळु' म्हणजे पाकळीच, फुलाची पण आणि लसणाची पण. आणि लिंगाचं म्हणाल तर कुणी लसणाची चटणी म्हणतं, कोकणाकडचे लसणीची म्हणतात, दोन्ही चालतंय.

खरा घोळ नुसतं 'लसूण' मोजताना होतो. वहिनी पुण्याची, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली "आमटीच्या फोडणीला चार लसूण घाल", आईच्या मनात चार पाकळ्या, आणि ही बिचारी चार गड्डे घेऊन सोलत बसली, तिसऱ्या गड्ड्यापर्यंत नखं दुखायला लागली तेव्हा विचारलं, "आई, एवढा लागतो काय तुमच्यात?" त्या दिवशीची आमटी वाचली, सोललेल्याची चटणी झाली. तेव्हापासनं आमच्यात 'लसूण' कुणी मोजत नाही, पाकळ्या नाहीतर गड्डे मोजतात.

आणि तो एकाच पाकळीचा लसूण येतो ना, गोल, आत फोडीच नाहीत, त्याला पाकळी म्हणायचं की गड्डा, त्यावर आई आणि काकूंचं अजून जुळलेलं नाही.