घाट चढताना दमणाऱ्या छोट्या गाडीला टर्बोचार्जर बसवावा की सुपरचार्जर?

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. माझ्याकडे १.२ लिटरची साधी पेट्रोल गाडी आहे. मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला आमचे सहकुटुंब वरचेवर जाणे होते. गाडीत पाच माणसे आणि सामान असून एसी चालू असला, की केळघर घाटात ती दुसऱ्या गिअरमध्येही रडतखडत चढते. माझा एक मित्र बाहेरून टर्बोचार्जर बसवून घेण्याचा सल्ला देतो, तर एक गॅरेजवाले छोट्या इंजिनाला सुपरचार्जरच योग्य असे सांगतात. दोहोंपैकी काय निवडावे, की गाडीच बदलावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या सध्याच्या गाडीला दोहोंपैकी काहीही बाहेरून बसवू नये, आणि नवी गाडी घ्यायची झाल्यास कारखान्यातूनच टर्बोचार्जरसह आलेली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही कारणे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्या मित्राचे आणि गॅरेजवाल्यांचे, अशा दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे.

दोन्ही यंत्रांचे काम एकच, ते म्हणजे सिलिंडरमध्ये अधिक हवा दाबून भरणे, जेणेकरून तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक पेट्रोल जाळता येईल. फरक आहे तो हे यंत्र फिरवण्यासाठी लागणारी शक्ती कोठून घेतली जाते, यात. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो, म्हणजे इंजिनाने निर्माण केलेल्या शक्तीतलाच काही भाग तो घेतो; टर्बोचार्जर मात्र सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर फिरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या दुसऱ्या कल्पनेचे पेटंट घेतले.

आता आपल्या घाटाकडे वळू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो. साध्या इंजिनाला श्वास घ्यायला तितकीच कमी हवा मिळते, त्यामुळे कागदोपत्री ९० अश्वशक्तीचे इंजिन तेथे ढोबळमानाने ७७-७८ अश्वशक्तीचेच उरते. ही घट एकदम होत नाही. जसजसे वर चढावे तसतशी ती वाढते, आणि चढही नेमका तेथेच असतो. म्हणून गाडीत बिघाड नसतानाही ती दमते.

येथे टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर यांच्यातला खरा फरक दिसतो. पट्ट्यावरचा सुपरचार्जर इंजिनाच्या ठरावीक पटीत फिरतो, त्यामुळे तो मिळालेल्या हवेचा दाब ठरावीक पटीनेच वाढवतो. मूळ हवाच विरळ असेल, तर वाढवलेला दाबही त्याच प्रमाणात कमी भरतो. टर्बोचार्जर पट्ट्याला बांधलेला नसतो. विरळ हवेत तो अधिक वेगाने फिरू शकतो, आणि आजच्या गाडीतला संगणक वेस्टगेट नावाची झडप कमी-अधिक उघडून सिलिंडरकडे जाणारा दाब जवळजवळ पूर्ववत राखतो. सॅनफर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर लिबर्टी हे विमानाचे इंजिन नेऊन हीच गोष्ट सिद्ध केली. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० पर्यंत घसरले आणि टर्बोचार्जर जोडताच ३५६ पर्यंत पोहोचले. घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसासाठी टर्बोच्या बाजूने याहून सबळ पुरावा मला तरी ठाऊक नाही.

गॅरेजवाल्यांचा मुद्दा प्रतिसादाचा असणार, आणि तो रास्त आहे. केळघरच्या एखाद्या आखूड वळणावर वेग अगदी कमी होतो, इंजिनाचे (मिनिटाला होणारे) फेरे पडतात, आणि त्यानंतर अॅक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोचे चाक गती घेईपर्यंत क्षणभर गाडी उचल खात नाही. रूट्स किंवा स्क्रू पद्धतीच्या सुपरचार्जरमध्ये ही उणीव नसते. (सेंट्रिफ्युगल पद्धतीच्या सुपरचार्जरला मात्र हा गुण लागू नाही, कारण त्याचा दाब फेरे वाढल्यावरच वाढतो.) याच गुणामुळे बीएमडब्ल्यूच्या काळातील पहिल्या पिढीच्या मिनी कूपर एस या गाडीला सुपरचार्जर होता आणि फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या एका इंजिनात दोन्ही यंत्रे एकत्र बसवली होती. परंतु पुढच्या पिढीची मिनी टर्बोवर गेली, आणि याचे कारण उघड आहे : छोट्या, हलक्या चाकांच्या टर्बोंमुळे विलंब पुष्कळ कमी झाला, तर पट्ट्यावर खर्च होणारी शक्ती आणि इंधन मात्र वाचवता येत नव्हते. मारुतीच्या फ्रॉन्क्सच्या १ लिटर टर्बो इंजिनाला सुमारे १४८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, २,००० फेऱ्यांपासूनच मिळतो, स्विफ्टच्या १.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या साध्या इंजिनाला ११३ न्यूटन-मीटरसाठी ४,४०० फेऱ्यांपर्यंत जावे लागत असे. घाटात जाणवतो तो हा फरक.

मग हेच यंत्र आपल्या गाडीला का बसवू नये? हवा दाबली की ती तापते. ३५ अंशांची हवा दीडपट दाबली, तर ती सहज ९० अंशांच्या आसपास जाते, आणि इंटरकूलरने ती पुरेशी थंड झाली नाही, तर पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिन नॉकिंग करू लागते. साध्या पेट्रोल इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, आज बहुधा ११ किंवा १२ असतो, म्हणजे ते आधीच नॉकिंगच्या सीमेजवळ काम करत असते. कारखान्यात टर्बो इंजिन घडवताना हा रेशो सहसा कमी ठेवतात, आणि पिस्टन, झडपा, तेलाचा मार्ग, कूलिंग, क्लच व गिअरबॉक्स या सर्वांचा त्या भारासाठी विचार करतात. बाहेरून किट बसवणारा यातले बहुतेक काही बदलत नाही. लांब घाटात, पूर्ण भाराने, सलग अर्धा तास चढताना पिस्टन किंवा हेड गॅस्केट गेले, तर दोष कोणाला देणार?

कायदाही आपल्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, हे आणखी वेगळे संकट.

गाडी बदलेपर्यंत एवढे करावे. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, क्लचची झीज आणि टायरमधील हवा तपासून घ्यावी. आपल्याकडे अनेक चालक इंजिनाचा आवाज वाढला की घाबरून वरचा गिअर टाकतात. साध्या पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे. त्याची ताकद वरच्या फेऱ्यांत असल्यामुळे चढाला फेरे ३,५०० ते ४,५०० च्या दरम्यान ठेवावेत, तीव्र वळणावर निःसंकोच पहिला गिअर टाकावा आणि कठीण टप्प्यापुरता एसी बंद करावा.

प्रश्न : मी नुकतीच १ लिटर टर्बो पेट्रोल गाडी जुन्या बाजारातून घेतली आहे. प्रत्येक प्रवासानंतर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवावे, असे सांगतात. ते आवश्यक आहे का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तासगाव-सांगली अशा रोजच्या प्रवासानंतर आवश्यक नाही. टर्बोचे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचे बेअरिंग इंजिनाच्या तेलावर तरते. खूप तापलेले असताना इंजिन एकाएकी बंद केले, तर तेथे अडकलेले तेल जळून साका धरते. म्हणून आंबा घाट चढून लगेच थांबायचे असेल किंवा महामार्गावरून वेगाने येऊन ढाब्यावर उतरायचे असेल, तेव्हा मिनिटभर इंजिन चालू ठेवावे, किंवा शेवटचा किलोमीटर सावकाश चालवावा. याहून महत्त्वाचे आहे ते तेल : पुस्तिकेत दिलेल्याच दर्जाचे वापरावे आणि बदलण्याची मुदत कधीही लांबवू नये. गाडी जुनी असल्यामुळे एकदा इंटरकूलरची नळी काढून पाहून घ्यावी. आत तेलाचा पातळ थर असेल तर काळजी नको. तेल साठलेले आढळले किंवा सकाळी सुरू करताना निळसर धूर दिसला, तर टर्बोचे सील तपासून घेण्यास उशीर करू नये.