पावसातली सायकल, वॉटरप्रूफ स्पीकर आणि एक सही

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात जरा कालवलं. 'दर रविवारी सायकलने सिंहगड, पावसाळ्यात एकदा तरी ताम्हिणी घाट, बजेट साडेतीन हजार, हँडलला लावायला स्पीकर हवाय. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलंय, म्हणजे पावसाची काळजी मिटली ना?' तीन वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या दिराला हेच विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तो म्हणाला, "वहिनी, डोळे झाकून घ्या." मी तसाच घेतला.

हेल्मेट, मागचा लाल दिवा, गर्दीत आवाज बंद, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, ते उगाळत नाही. इअरफोनचं विचारलं नाहीत ते बरं केलंत. पौड रोडवर मागून आलेली पीएमपीची बस ऐकू आली नाही तर गाणं कसलं ऐकताय.

आधी तो ७ चा आकडा. 'आयपी'च्या पुढे दोन जागा असतात, पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. पाण्याच्या जागी ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवला तरी बिघडेल इतकं पाणी आत जात नाही. पण ते पाणी साधं, संथ, आणि स्पीकर कोरा करकरीत, झाकण घट्ट लावलेला. फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते, तिचा आकडा ५. त्यात ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी अंगावर मारतात. आणि ७ वाला ५ मध्येही पास असेलच असं अजिबात नाही. दोन्ही परीक्षा दिल्या असतील तर दोन्ही आकडे छापतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण ताम्हिणीहून आल्यावर चिखलाची सायकल पाइपने धुताना स्पीकरवरही तोच पाइप मारायचा हात होतो. माझा झाला होता. ओल्या फडक्याने पुसा, पुरतं.

धुळीच्या जागी जो एक्स असतो त्याचा अर्थ, त्या बाजूबद्दल कंपनी काहीच सांगत नाहीये. पुण्यात पाऊस चार महिने, खोदलेले रस्ते बारा महिने. मग धुळीबद्दल मौन पाळणारी वस्तू आपण का घ्यायची? आयपी ६७ शोधा, तुमच्या बजेटमध्ये मिळतात.

आता मी काय माती खाल्ली ते. स्पीकर आला त्या दिवशी हॉलमध्ये भीमसेनजींचे अभंग लावले. बारा बाय दहाची खोली, पखवाज अगदी छातीवर वाजत होता. सासूबाई आतून येऊन बसल्या. रविवारी तोच अभंग खडकवासल्याच्या पुढे, डोणज्याच्या रस्त्यावर लावला, तर पखवाज गायब! नुसते टाळ आणि वरचे सूर. मला वाटलं, एका आठवड्यात बिघडला. बिघडला नव्हता. घरात भिंती आणि जमीन खर्जाला आधार देतात, उघड्यावर तो पसरून जातो, आणि एवढ्याशा डबीत मुळात तो फार नसतोच. त्यात वेग वीसच्या वर गेला की कानावरून जाणारा वारा घुमतो, तोही नेमका खालच्या पट्टीत. उरलासुरला खर्ज त्याच्याखाली झाकला जातो. म्हणून जाहिरातीतल्या 'डीप बास'ला सायकलवाल्यांनी भुलू नये असं माझं ठाम मत आहे. गाणाऱ्याचे शब्द स्वच्छ येतात की नाही, तेवढंच बघा. दुकानात ऐकायला मिळाला तर दाराबाहेर फुटपाथवर आणून ऐका. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

मी मात्र यावर उपाय काय काढला, तर आवाज पार वरपर्यंत. इथून घसरगुंडी सुरू. खोक्यावर बारा तास लिहिलेले असतात ते मध्यम आवाजाचे. पूर्ण आवाजात माझा स्पीकर चार तासांतच माना टाकायचा. ताम्हिणीला कोथरूडहून पहाटे निघालो, पौड मागे टाकून मुळशीच्या पाण्याच्या कडेने चाललो होतो, तेवढ्यात बाईंचा आवाज आला, 'बॅटरी लो'. माझ्याकडे पॉवर बँक होती. हँडलच्या पिशवीत पॉवर बँक, वायर बाहेर, स्पीकरचं रबरी झाकण उघडं, आणि वरून रिमझिम. त्यावर मी रेनकोटची टोपी टाकली होती, एवढीच काय ती अक्कल. झाकण उघडं असेल तर ७ काय आणि ७० काय, त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय ओल्या पोर्टमधून वीज वाहत असली की आतल्या पिना फार पटकन गंजतात. दुसऱ्या दिवशी घरी लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि संपलं. पोर्टमध्ये मोबाईलच्या उजेडात बघितलं तर तांब्याच्या जुन्या घंगाळाला चढतो तसला हिरवट थर.

इथवर चूक माझीच, मान्य. पण खरं नुकसान पुढे झालं.

वॉरंटी एक वर्षाची, स्पीकर चार महिन्यांचा. सर्व्हिस सेंटर कुठलं, कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, ओळखलंत तरी इथे लिहू नका. दुसरा मजला, लिफ्ट बंद, खाली पार्किंग नाही. टोकन घेऊन पाऊण तास बसले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पावसात वापरला होता, आता चार्ज होत नाही." त्याने टकटक टाइप केलं, प्रिंट काढली, कागद उलटा फिरवून माझ्याकडे सरकवला आणि पेनाने फुली मारून दाखवली. "मॅडम, इथे सही." मागे आठ-दहा जण उभे, एकाचं बाळ रडत होतं. मी केली सही.

घरी आल्यावर चहा पिताना तो कागद वाचला. त्यावर इंग्रजीत होतं की ग्राहकाच्या सांगण्यानुसार वस्तू पाण्यात पडली आहे, आणि आत पाणी गेल्याचे आढळले आहे. आढळले म्हणे! माझ्यासमोर त्या मुलाने एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. आणि 'पावसात वापरला' आणि 'पाण्यात पडला' यांत फरक आहे की नाही? पण खाली माझी सही होती, तारखेसकट, झोकदार.

पुढचं थोडक्यात सांगते, नाहीतर रात्र जाईल. दुसऱ्या खेपेला, ऑनलाइन बिल चालत नाही, विक्रेत्याचा शिक्का आणा. तिसऱ्या खेपेला, बघणारे सर रजेवर. चौथ्या खेपेला सर भेटले. मी खोकं नेलं होतं, त्यावरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून म्हटलं, "हे वॉटरप्रूफ म्हणजे काय मग?" ते शांतपणे म्हणाले, "वॉटरप्रूफ आहेच मॅडम. पण पाणी आत गेलंय ना." यावर कोण काय बोलणार. मग माझ्या सहीचा तो कागद, म्हणजे जॉबशीट, पुढे केलं, "तुम्हीच लिहून दिलंय." मला नवीन स्पीकरवर सवलतीचं कूपन मिळालं, ते वापरायचं तर पुन्हा त्याच कंपनीचं घ्यायचं.

झाकण मीच उघडं ठेवलं होतं, त्यामुळे उघडून, बघून, नाही म्हणाले असते तर मी गप्प घरी आले असते. न बघता नाही म्हणाले, आणि ते मी सही करून सोपं करून दिलं, हे आजही सलतं. स्पीकर गेला बत्तीसशेचा, पण चार अर्ध्या रजा आणि रिक्षा धरल्या तर दुसरा आला असता.

म्हणून माझा सल्ला, कुठल्याही वस्तूसाठी: जॉबशीट तिथेच उभं राहून वाचा. मागची रांग थांबेल. जे तुम्ही बोललात तेच लिहिलंय का बघा, नसेल तर पेनाने खोडून दुरुस्त करायला लावा आणि मगच सही. खोटं बोलू नका, पण मोघमही बोलू नका. देण्याआधी पोर्टचे, झाकणाचे फोटो काढून ठेवा. बिलावर स्पीकरचा सीरियल नंबर आहे का ते खरेदीच्या दिवशीच पाहा. आणि अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. मी वकील नाही, आणि आळस केला म्हणून आयोगाची पायरी स्वतः चढलेले नाही, त्यामुळे पुढचं जाणकारांना विचारा.

बरं, तुमचा स्पीकर. माझा कुठल्याही कंपनीशी संबंध नाही, आणि कानही माझे पन्नाशीचे आहेत, तेव्हा जरा बेतानेच घ्या. मी आता जेबीएलचा क्लिप ४ वापरते (पहिला त्यांचा नव्हता). आयपी ६७, २३९ ग्रॅम, वर अडकवायला कडी. त्याच्या पुढचा क्लिप ५ सुद्धा आलाय, म्हणून क्लिप ४ कधीमधी स्वस्तात दिसतो. त्यांचाच गो ३ आणखी हलका, पण त्याची बॅटरी कंपनीच्याच म्हणण्यानुसार ५ तास, म्हणजे सिंहगडाला ठीक, ताम्हिणीला अपुरी. सोनीचा एक्सबी १०० सोळा तास सांगतात, मैत्रिणीकडे आहे, दिवसभर चालतो खरा, पण तो उभ्या डब्यासारखा, हँडलवर नीट बसत नाही. ती बॉटलच्या पिशवीत घालते. बटणं उठावदार हवीत, हातमोज्यातून बोटाला कळली पाहिजेत, हे कुणी सांगत नाही.

आणि मुळात हँडलला लावूच नका. हे माझं वैयक्तिक मत, इथले बरेच जण वाद घालतील. हँडलवर तो कानापासून पाऊण मीटर लांब, वाऱ्याच्या तोंडी, आणि प्रत्येक स्पीड ब्रेकरला खडखडणार. सिलिकॉनचा पट्टा तर पावसात सरकतोच, माझा एकदा स्पीकरसकट सरकून केबलमध्ये अडकला होता. बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्याला, गळपट्टीच्या हाडापाशी अडकवा. अंतर निम्मं केलं की उघड्यावर आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, आणि तेवढ्यासाठी वॅट वाढवायचे तर चौपट लागतात. म्हणजे लहान स्पीकर, कमी आवाज, बॅटरी जास्त टिकते आणि पॉवर बँक घरी राहते. माझ्या सगळ्या रामायणाचं मूळ हँडलवरच होतं. हँडलच हवं असेल तर स्टेमजवळच्या (हँडल जिथे सायकलला धरलेलं असतं तिथल्या) जाड भागाचं माप घ्या, बहुतेक नव्या सायकलींना ते ३१.८ मिलिमीटर असतं, जुन्यांना २५.४. बोहरी आळीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आणा आणि मधे घाला, सरकत नाही.

उतारावर बंद ठेवा. सिंहगडावरून पायथ्याच्या गोळेवाडीकडे उतरताना वाऱ्यात ऐकू तर काही येत नाहीच, आणि वळणावर समोरून येणाऱ्या जीपचा हॉर्न ऐकायचा असतो.

अजून एक, रागावू नका. आपण सगळे पाचला निघतो. नियमांत रात्र सकाळी ६ पर्यंत धरतात आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तुमच्या डबीसाठी पोलीस येणार नाहीत, पण सिंहगड रोडच्या सोसायट्यांत माणसं झोपलेली असतात. मी तिथली नांदेड सिटीची वसाहत मागे पडल्याशिवाय सुरूच करत नाही. वेताळ टेकडीवर तर अजिबात नाही. तिथे मोर ऐकायला आलेल्या एका आजोबांनी मला जे सुनावलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि बरोबर होते ते. ग्रुपमध्येही आधी विचारा. माझ्या अभंगांना कंटाळून एक जण पुढच्या रविवारपासून दुसऱ्या ग्रुपला गेला, असं नंतर कळलं.

फोन कुठे ठेवता ते लिहिलं नाहीत. मागच्या खिशात ठेवत असाल आणि गाणं तुटक आलं तर स्पीकरला दोष देऊ नका. ब्लूटूथच्या लहरी अंगातल्या पाण्यात अडतात, वर जर्सीही घामाने ओली. फोन पुढच्या पिशवीत टाका. आणि गाणी उतरवून ठेवा, घाटात नेटवर्कचा भरवसा नाही.