हनोईत पहिल्यांदाच कॉफी प्यायला फिरताय? एवढं करा

नवखे लोक दिवसात पाच-सहा कॅफे उरकतात. तसं करू नका. गल्लीतलं एकच दुकान धरा, सकाळी लवकर फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसा. शेजारचे लोक दुसऱ्या दिवशी ओळखीचं हसतात!

- 'का फे नाउ दा' मागा: कन्डेन्स्ड मिल्क आणि बर्फ. इथली रोबस्टा जातीची कॉफी फार कडक, उपाशीपोटी नकोच.
- फिन, म्हणजे कपावरचं धातूचं गाळणं, थेंबथेंब गळतं. दाबू नका, हलवू नका. पाचेक मिनिटं लागतातच.
- सुट्टे डोंग, म्हणजे व्हिएतनामी पैसे, जवळ ठेवा.

अंड्याची कॉफी मात्र चुकवू नका. १९४६ साली दुधाच्या टंचाईत ती इथेच जन्मली. गरमच घ्या, कप कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. बाकीचे प्रकार नंतर बघू.